टेकडीवरचे शिंपले

विहिरीवर दिवा ठेवल्याशिवाय विनीता पहिली कळशी भरत नसे. विहीर खणली त्याच वर्षी ती लग्न होऊन या घरात आली होती. खारवडीच्या टेकडीच्या माथ्यावर, जांभ्या कातळात गोडं पाणी लागलं याचं तिला तेव्हा एवढं अप्रूप वाटलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपणहून काठावर पणती ठेवली. तिथून नेम पडला तो पडलाच. पुढे पंप आला, घरात नळ आला, तरी दिवसाची पहिली कळशी रहाटावरचीच. काठाच्या सिमेंटात एक शिंपला बसवलेला होता. त्यावर ती एक फूल ठेवी आणि हात जोडून म्हणे, "दिलंस, पावलं." एवढाच तिचा मंत्र.

मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी फूल ठेवून ती वळली, तर दोन घरांमधल्या गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या खिंडारात जोविता उभी.

गडग्यापलीकडचं घर पास्कीनमायचं आणि जोविता ही तिची नात. आईबाप कुवेतला, त्यामुळे पोर आजीपाशी वाढली, आणि निम्मं जेवली ती विनीताच्या पानात. आता ती गोव्यात भूगर्भशास्त्रात संशोधन करत होती. समुद्र पूर्वी कुठवर येत होता, कधी आत शिरला, कधी मागे सरला, त्याच्या खुणा चिखलातून शोधायच्या हे तिचं काम. सुट्टीत घरी आली तरी खाडीकाठच्या मळ्यात नळ्या खुपसून चिखल काढत बसायची.

"काकी, रिपोर्ट इलो," ती हळूच म्हणाली.

"कसलो गो?"

"आजीच्या शिंपल्याचो."

विनीताने कळशी खाली ठेवली. "मगे तोंड कित्या असा पाडलंस? काय म्हणता मशीन?"

"साडेतीनशे वर्षां. फार तर चारशे." आणि मग, शास्त्राचं बोलताना ती नेहमी जायची तशी पुस्तकी मराठीवर गेली. "काकी, समुद्रातल्या जिवाचं वय काढताना थोडी वजाबाकी करावी लागते. ती करून एवढं आलं. नोहाच्या काळाशी याचा काही संबंध नाही."

विनीता पायरीवर टेकली.

हे शिंपले साधे नव्हते. विहीर खणताना गड्यांना कंबरभर खोलीवर त्यांचा थरच्या थर लागला होता. समुद्र खाली, दूर, माडांच्याही पलीकडे. टेकडीच्या डोक्यावर शिंपले आले कुठून? त्याच दिवसांत मेमधलं अवेळी वादळ होऊन गेलं होतं आणि पास्कीनमायचा नवरा दुमिंग होडीसकट बेपत्ता होता. पास्कीनमाय रडून रडून कोरडी झालेली. गलका ऐकून ती गडग्याशी आली, गड्याच्या घमेल्यातले शिंपले पाहिले आणि तिथेच गुडघ्यावर बसली. बायबलातल्या नोहाच्या वेळचं जगबुडीचं पाणी इथवर चढलं होतं आणि देवाने ते उतरवलं होतं. जो एवढं पाणी उतरवतो, तो माझ्या घोवाला कोरड्या जमिनीवर आणणार नाही? असं ती मोठ्याने बोलली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि त्याच संध्याकाळी वेंगुर्ल्याकडून निरोप आला, होडी तिकडे लागली, दुमिंग जिवंत आहे.

तेव्हापासून एक शिंपला पास्कीनमायच्या घरातल्या आल्तारावर, देव्हाऱ्यातल्या सायबिणीच्या, मेरीमातेच्या पायाशी बसला. दुमिंग पुढे पुष्कळ जगला, आपल्या खाटेवर, नातीचा हात धरून गेला. दर रविवारी चर्चच्या आवारात पोरांना धर्माचं शिकवताना पास्कीनमाय तो शिंपला हातात घेऊन दाखवी. "बघा, नोहाचा पाणी आमच्या खारवडीक पण इल्ला."

विनीताला या गोष्टीत परकं काही वाटलं नव्हतं. तिच्या माहेरी मनूची आणि माशाची कथा सांगत. दोघी भाजी निवडता निवडता आपापल्या होड्यांची तुलना करायच्या. "तुज्या मनूची होडी माशान ओढल्यान," पास्कीनमाय म्हणायची, "आमच्या नोहाक वल्हा पण नाय, शीड पण नाय. नुस्तो इस्वास." त्यावर विनीता म्हणे, "आणि इतक्या जनावरांचा शेण कोण काढी गो?" मग दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

गेल्या नाताळात जोविताने तो शिंपला तपासायला मागितला, तेव्हा पास्कीनमायने एका शब्दाने खळखळ केली नाही. धुतलेल्या रुमालात गुंडाळून दिला आणि गावभर सांगत सुटली. आता काय ते मशीनच सांगेल. तिला मशीनची भीती नव्हती. खरं असेल ते कोणीही तपासलं तरी खरंच निघणार, एवढा तिचा विश्वास होता.

"आज सांजेक कुरसाकडे लादाईन आसा," जोविता म्हणाली. टेकडीच्या टोकावरच्या जुन्या कुरसापाशी, चौथऱ्यावरच्या क्रुसापाशी, दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, प्रार्थना होते, गाणी होतात, उकडलेले चणे वाटतात. हिंदू घरंही जातात. "आजी सगळ्यांच्या म्होरे सांगतली, मशीनीन पण नोहाक मानल्यान म्हणान. काकी, तू तिका सांग, रिपोर्ट येवक नाय अजून. पावसानंतर बघू. मी हळूहळू सांगेन."

"मी सांगू?"

"तुजा ऐकता ती. तू म्हटलंस की झाला."

तिथेच तर अडचण होती. मुलगा लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा विनीताने कुणकेश्वराला नवस केला होता, पोर वाचू दे, तोंडातून खोटं जाऊ देणार नाही. पोर वाचलं, आता पुण्यात नोकरी करतं. नवस फेडून संपला नाही, तो रोजचाच झाला. गावाने त्याची मजा मजा केली होती. काजूच्या हद्दीचं भांडण असो की कोणाची कोंबडी कोणी पळवली, "विनीताक इचारा" म्हणत. रिक्षावाला बाबली तर तिला पाहून हात जोडी. "वैनी, तू रिक्षेत बसलंस की माका भाडा पण खरा सांगूक लागता!"

"चेडवा, ह्या माज्याच्यान जमूचा नाय," विनीता म्हणाली.

जोविताचे डोळे भरून आले. "आजोबांच्या परत येण्याची खूण आहे ती तिची. मी तिच्या हातातून काढून घेतली, काकी. माझ्याच हाताने. आज सगळ्यांपुढे तिने ते सांगितलं आणि मागाहून कळलं, तर?"

विनीताने कळशी उचलली, घरात आली, आणि देवापुढे उभी राहून तिला जी वाट सापडली ती तिच्यासारख्या बाईलाच सापडावी. तिने मौन धरलं. सोमवारी ती दिवेलागणीपर्यंत बोलत नसे. आज शुक्रवार होता. पण बोललंच नाही तर खोटंही नको आणि खरंही नको.

तिचा नवरा सत्यवान चहाला बसला. "साखर कमी पडली."

ती गप्प. साखरेचा डबा पुढे सरकवला.

"आज काय गो? सोमवार दोनदा इलो या आठवड्यात?" त्याने कॅलेंडराकडे पाहिलं. "बरा झाला म्हणा. देवान माजी पण वायच काळजी घेतल्यान."

एरवी ती हसली असती. आज डोळे वटारण्याचंही बळ नव्हतं.

दुपार उतरताना पास्कीनमाय भिजवलेल्या चण्यांची बादली घेऊन आली. चणे दर वर्षी विनीताच्या मोठ्या टोपात उकडत. खोबऱ्याच्या कातळ्या विनीता करी, आणि मीठ किती यावरून दोघींचं दर वर्षी वाजे. पास्कीनमाय आता ऐंशीच्या पुढची, पण झगा खोचून चुलीपुढे बसली की कोणाला उठवता येत नसे.

"मीठ घालतलंस काय आदी?" तिने विचारलं.

विनीताने मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

पास्कीनमायने चुलीत एक लाकूड सारलं. "आज शुक्रवार. एकादस नाय, संकष्ट नाय. सकाळी जोविता विहिरीर येवन गेली, मी खिडकीतसून बघलंय. तेच्यानंतर ती जेवक नाय. आणि तुजा मौन. विनीता, कोणाक लपवतंस त्या मौनाच्या मागे?"

विनीताच्या हातातली खोबऱ्याची वाटी तशीच राहिली. सकाळपासून मनाला जे टोचत होतं ते पास्कीनमायने सरळ बोटाने दाखवलं होतं. मौन देवासाठी धरायचं असतं. आपण ते दाराच्या पडद्यासारखं ओढून घेतलं. ते खोटं नव्हतं, पण खोट्याहून बरंही नव्हतं. आणि समोर बसलेल्या या बाईने तिच्या बाळंतपणात तिचं अंग शेकलं होतं.

"रिपोर्ट इलो, माय," ती म्हणाली. दिवसभर न बोललेला आवाज घोगरा निघाला. "शिंपलो नोहाच्या येळचो नाय. साडेतीनशे-चारशे वर्षांचो आसा. चेडू तुका सांगूक भियाला. मी पण भियालंय."

चुलीत लाकूड तडतडलं. पास्कीनमायने गळ्यातल्या जपमाळेवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजे त्या दिवशी," ती शेवटी म्हणाली, "देवान माका दाखवल्यान ता काय होता? नुस्तो कचरो?"

विनीताने ठाऊक होतं तेवढं सांगितलं. "ता माका ठावक नाय. दुमिंगबाब परत इलो, इतक्याच ठावक. मी थंयच होतंय."

खिंडारातून जोविता आली. किती वेळ उभी होती कोण जाणे. आजीच्या पायाशी बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. पास्कीनमायने हात लावला नाही, दूरही केलं नाही.

"आता सगळा सांग," ती म्हणाली. "अर्धा सांगशीत तर माका निज येवची नाय. पाणी इल्ला की नाय?"

जोविताने डोळे पुसले. "आजी, सगळी पृथ्वी एकदम बुडाली, हिमालयासुद्धा, असं कुठे सापडत नाही. तेवढं पाणीच नाही. पूर्वी एकदा समुद्र आजच्यापेक्षा वर होता, पण एक-दोन पुरुष उंच, टेकडीएवढा नव्हे. माझे सर म्हणतात, दूर देशांतल्या नद्यांना मोठमोठे पूर आले, ते लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले, त्यातून त्या कथा आल्या असतील. पण तेही नक्की नाही."

"सर काय ता म्हणोत. हंय काय झाला ता सांग."

"इथे," जोविता म्हणाली, आणि तिचा आवाज जरा सरळ झाला, "इथे पाणी आलं होतं. टेकडीवर नाही, खाली. मळ्यात मी नळी घातली ना, तर काळ्या चिखलाच्या मधोमध वीतभर पांढरी वाळू आहे, किनाऱ्यावरची. अख्ख्या मळ्यात, तीन ठिकाणी बघितली. एखाद्या मोठ्या वादळात दर्या आत शिरल्याशिवाय ती तिथे येणार नाही. तिच्या खाली भाताची तुसं सापडतात. वर कितीतरी उंचीपर्यंत नाहीत."

"म्हंजे शेती बुडली."

"बुडली असणार. आणि ती वाळू शिंपल्यांपेक्षा थोडी जुनी आहे. फार नाही."

विनीता कातळ्या करायच्या विसरली. "मगे शिंपले वर कशे इले?"

"काकी, तुझ्या विहिरीतल्या थरात कोळसा आहे. राख आहे. कितीतरी शिंपले भाजलेले आहेत, बोटाने चुरले जातात. मी वयाच्याच मागे लागले होते, ते नीट बघितलंच नाही. नाताळात तिथून घेतलेली माती काल, रिपोर्ट आल्यावर, पुन्हा बघितली." तिने आजीकडे पाहिलं. "ती चुन्याची भट्टी होती, शिंपले भाजून चुना करायची. पाण्याने नाही आणले शिंपले. माणसांनी आणले."

पास्कीनमायचा हात इतका वेळ मांडीवर निपचित होता, तो हलला. नातीच्या केसांत गेला.

"माजी आजी खुबे-कालवांच्या शिंपल्यांच्या पाटयो डोक्यार घेवन भट्टीर जाय," ती हळू म्हणाली. "मान वाकडी झाल्ली तेची. माका सांगी, बायो, घराचो चुनो म्हंजे बायलांची मान." मग तिने विचारलं, "पण खारवडीत तेव्हा घरा खंय? माती-कुडाचीच सगळी. चुनो कशाक लागलो?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. टेकडीवर चुन्याने बांधलेलं एकच होतं.

चणे उकळत ठेवून त्या कुरसाकडे निघाल्या. पास्कीनमायला दोघींनी दोन बाजूंनी धरलं. सत्यवान ओसरीवरून ओरडला, "मौन सुटला काय गो?" आणि विनीता जाता जाता म्हणाली, "सुटला! चुलीकडे बघा, चणे करपले तर तुमका धरीन!"

काजूच्या बागेतून वर गेलं की टेकडीच्या टोकावर तो कुरीस. चौथरा जुना, पुरुषभर उंच, दर वर्षी वरून रंग मारलेला. पण मागच्या बाजूला, जिथे कोणी रंग मारत नाही, तिथे गिलाव्याचे पोपडे निघाले होते. जोविताने वाकून पाहिलं. हात न लावता नुसतं बोट दाखवलं. जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधल्या चुन्यात न जळलेले शिंपल्यांचे तुकडे चमकत होते, पांढरे, एकाला अजून निळसर झाक.

"तेच असतील का, ते सांगता येणार नाही," जोविता घाईने म्हणाली. "तपासावं लागेल. काळ जुळतो, एवढंच."

पास्कीनमायने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिने तळवा त्या चिऱ्यावर टेकवला. खाली माडांपलीकडे दर्या लखलखत होता. खाडीकाठचा मळा उन्हात पिवळा पडला होता, पहिल्या पेरणीची वाट पाहत.

"विनीता," ती म्हणाली, "नोहाची गोष्ट मी इतकी वर्षां सांगतंय. पाणी, तारू, पारवो, सगळा सांगतंय. तारवातसून भायर इल्यार तेणी पयलां काय केल्यान, ता पोरांक कधी धड सांगूकच नाय. घर बांधूक नाय. शेत करूक नाय. वेदी बांधल्यान. देवाचे उपकार मानल्यान."

जोविताने मान वर करून चौथऱ्याकडे पाहिलं.

"ही माणसा खालसून वर इली. शेत गेला, घर गेला. आणि बायलांनी पाटयो भरून शिंपले वर हाडल्यानी. ह्येच्यासाठी." पास्कीनमायचे डोळे वाहत होते, पण आवाज स्वच्छ होता. "मी म्हणी, ही पाण्याची खूण. पाण्याची नाय गो. वाचलेल्यांची. त्या दिवशी माज्या हातात वाचलेल्यांची खूण दिल्यान देवान, आणि मी येडी पाण्याची समाजलंय."

"आजी, हे शास्त्र नाही हं," जोविता रडत हसली. "ते लोक खालूनच वर आले, याला माझ्याकडे पुरावा नाही."

"शास्त्र तुजा तू बघ. तू माका चुनो दाखवलंस, ता पुष्कळ झाला." तिने नातीचं कपाळ ओठांना लावलं. "आणि परत माज्यापासून काय लपवलंस, तर पाठीत धपको घालीन. म्हातारी झालंय, मातयेची मडकी नाय झालंय."

संध्याकाळी कुरसाकडे माणसं जमली. मेणबत्त्या लागल्या. व्हायोलिन वाजवणारा मालवणहून उशिरा आला, बाबलीच्या रिक्षातून, आणि त्यावरून दोघांची थोडी हुज्जत झाली. लादाईन झाली. मग पास्कीनमाय उभी राहिली. विनीताने तिचं कोपर धरलं होतं.

"मशीनीन सांगल्यान, पास्कीन चुकली," ती म्हणाली.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. फादरांनी मान वर केली.

"तुमका मी सांगलंय, हे शिंपले नोहाच्या पाण्यान हाडल्यान. नाय. ते बायलांनी हाडल्यानी, डोक्यार, खाडीपासून हंयपर्यंत. खाली दर्या शेतात घुसल्लो, ता पण खरा आसा, माज्या नातीन चिखलात बघल्यान. त्या बायलांची नावां कोणाक ठावक नाय. त्या आमच्यातल्यो होत्यो की तुमच्यातल्यो, ता पण ठावक नाय. आज चणे खाताना तेंची याद काढा." ती बसायला लागली, मग पुन्हा उभी राहिली. "आणि मीठ कमी असात तर विनीताक सांगा. माका नाय."

हशा पिकला. चण्यांची टोपली फिरू लागली. फादर पास्कीनमायपाशी आले आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. बाबली विनीताच्या कानाशी आला. "वैनी, ह्या सगळा खरा काय गो?"

"शेतातली वाळू खरी," विनीता म्हणाली. "भट्टीची राख खरी. बाकीचा माका बरा वाटला."

"बरा," बाबली म्हणाला आणि चण्यांचा मोठा पसा भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे विनीता विहिरीवर आली. वातीला तूप लावलं, पणती पेटवली. काठावरच्या शिंपल्याकडे पाहत राहिली. एवढी वर्षं फूल ठेवताना तिच्या मनात पाणी असायचं. खाली लागलेलं, गोडं, देवाने दिलेलं. आज तिला एक बाई दिसली. तोंड दिसत नव्हतं. डोक्यावर पाटी, कपाळावर ओघळलेलं खारं पाणी, पायाखाली चढण. वर पोचल्यावर तिनेही पाटी उतरवून कंबर धरली असेल आणि म्हटलं असेल काहीतरी. विनीताला वाटलं, ते आपल्या दोन शब्दांहून फार वेगळं नसेल.

तिने त्या बाईसाठी अबोलीचं दुसरं फूल ठेवलं.

"दिलंस, पावलं," ती म्हणाली आणि रहाटाला हात घातला.

गडग्यापलीकडे पास्कीनमाय उठलेली होती. तपासून उरलेला शिंपल्याचा तुकडा जोविताने आजीला परत दिला होता, एका कोपऱ्याला कापलेला. खिडकीतून मेणबत्तीचा उजेड दिसत होता आणि तो तुकडा पुन्हा सायबिणीच्या पायाशी ठेवताना तिचा वाकलेला खांदाही. मग खिडकीतूनच हाक आली.

"विनीता! पयली कळशी माका दी गो. आज चाय तुज्या पाण्याची."

"येतंय, माय," विनीता म्हणाली, आणि भरलेली कळशी कमरेवर घेऊन खिंडाराकडे वळली.